पावलांबरोबर गावही शिकव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या मेक्सिकन लोकनृत्यांच्या ग्रुपने लहान मुलांचा वर्ग तुझ्याकडे दिल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पुण्याहून कॅलिफोर्नियात सॅन होजेला शिकायला आलेल्या मुलीवर मेक्सिकन आईबापांनी आपली पोरं सोपवावीत, हा मोठा विश्वास आहे. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. या ग्रुपचे घागरे शिवताना आणि गुडघ्यांनी साथ दिली तोवर त्यांच्यात नाचताना मला जे उमगलं, ते लिहिते.

मुलांना पाऊल दाखवायच्या आधी त्या नाचाचं गाव सांग. मेक्सिकोच्या हालिस्को राज्याच्या नाचाला मारियाची, म्हणजे व्हायोलिन-गिटार-ट्रम्पेटवाल्यांचा ताफा लागतो, आणि रंगीत फितींच्या ओळीवर ओळी लावलेला भरपूर घेराचा घागरा. वेराक्रूझला पांढरी लेस, त्यावर भरतकामाचा काळा एप्रन, साथीला हार्प आणि हाराना नावाचं छोटं तंतुवाद्य. उत्तरेकडे गेलीस तर ॲकॉर्डियनवर पोल्का नावाचा जोडीनाच, जो एकोणिसाव्या शतकात मध्य युरोपातून तिथे पोचला. ‘मेक्सिकन डान्स’ या एका नावाखाली हे सगळं कोंबलं की मुलांच्या हाती नुसता रंग उरतो. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं घर यातल्या कुठल्या तरी एका मुलखातून आलंय. ते घर कुठलं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून वहीत लिहून ठेव. एखाद्याची आजी मिचोआकानच्या पात्स्क्वारो तळ्याकाठची निघाली, तर तिला वर्गात बोलाव. ‘लोस व्हिएहितोस’, म्हणजे म्हाताऱ्यांचा नाच, तिकडचाच आहे. मुखवटे घालून, काठीवर वाकून, कण्हत-कुथत येणारे म्हातारे एकाएकी लाकडी तळव्यांच्या चपलांनी फरशी दणाणून सोडतात. लहान मुलांना तो इतका आवडतो की शिकवावा लागत नाही. तो तिथल्या मूळ रहिवासी पुरेपेचा लोकांचा आहे, हे मात्र सांगावं लागतं, आणि ते तिथल्या आजीच्या तोंडून आलं तर त्याला वजन येतं.

वेराक्रूझसाठी एक फळी करून घे. तिकडे फांदांगो, म्हणजे गाण्या-नाचाचा मेळावा, भरतो तेव्हा मधोमध तारिमा असते, म्हणजे लाकडाचा बुटका, पोकळ चौथरा. वादक तिच्याभोवती उभे राहतात आणि नाचणाऱ्यांचे पाय हे त्यांच्यातलंच एक वाद्य होतं. ‘सोन हारोचो’ नावाच्या तिथल्या या संगीतात स्पॅनिश, आफ्रिकी आणि मूळ रहिवाशांचे सूर एकत्र मुरले आहेत. मुलांना मूळ पाऊल शिकवताना तिकडचे लोक ‘का-फे-कोन-पान’ म्हणायला लावतात, म्हणजे ‘पावाबरोबर कॉफी’. चार अक्षरं, चार ठोके. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडात बसवतात तसंच हे. जिमच्या रबरी फरशीवर हे पाऊल कधीच नीट बसत नाही, कारण मुलांना स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. बुटांच्या टाचांना आणि चवड्यांना बारीक खिळे ठोकलेले असतात ते त्या आवाजासाठीच. फळीवर चार दिवस नाचली की पोरं आपसूक एकमेकांचं ऐकायला लागतात. मग ‘ला बाम्बा’ घे. लांब फीत जमिनीवर पसरायची आणि जोडीने फक्त पायांनी, ताल न सोडता तिचा बो बांधायचा. यात घाई करू देऊ नकोस. बो सुटला तर सुटू दे, ठोका चुकता कामा नये.

आता थोडा अवघड विषय. ‘हे सगळं शेकडो वर्षांचं, जसंच्या तसं आहे’ असं मुलांना सांगू नकोस, कारण ते खरं नाही, आणि खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. मेक्सिकोत सगळ्यांना माहीत असलेला ‘हाराबे तापातिओ’ हा हालिस्कोचा नाच घे. १९१९ मध्ये रशियन बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हा मेक्सिको सिटीत आली आणि तिने तो बॅलेच्या बुटांत, चवड्यांच्या टोकावर नाचून दाखवला. पुढे क्रांतीतून सावरणाऱ्या देशात होसे वास्कोन्सेलोस यांचं शिक्षण खातं उभं राहिलं. त्याने शाळाशाळांतून हा नाच पोचवला आणि १९२३ पासून ‘सांस्कृतिक मिशनं’ खेड्यांत धाडली. तिथे गेलेल्या शिक्षकांनी गावोगावचे नाच पाहून टिपून आणले. या खात्याच्या इमारतीत चित्रकार दिएगो रिव्हेराने भिंतीवर हरणाचा नाच रंगवला, फितींचा नाच रंगवला, आणि त्याच इमारतीत १९२८ च्या एका चित्रात आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे भाकर वाटताना दिसतात! इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षाचे क्रांतिकारक, मेक्सिकोत जाऊन मक्याचे शास्त्रज्ञ झालेले. कधी मेक्सिको सिटीला गेलीस तर तेवढ्यासाठी अर्धा दिवस काढ.

रंगमंचावर आपण जे करतो त्याचा साचा आमालिया एर्नान्देझ यांनी १९५२ मध्ये स्वतःची मंडळी उभी करून घडवला. ओआहाका राज्याच्या गेलागेत्सा उत्सवात खांद्यावर अननस घेऊन बायका रांगेने नाचतात तो ‘फ्लोर दे पिन्या’ पाहून कुणालाही तो फार जुना वाटेल. पण पाउलिना सोलिस या शिक्षिकेने तो १९५८ मध्ये बसवला. आज त्याच राज्यातल्या तुश्तेपेकच्या मुली तो जीव ओतून नाचतात, तो त्यांचाच आहे. अशा वेळी बसवणाऱ्या बाईंचं नाव मुलांना ठाऊक असलंच पाहिजे. नाव पुसून नाच पुढे दिला तर आपण जपलं कमी आणि हरवलं जास्त.

हाराबे नाचताना बायका घालतात त्या ‘चिना पोब्लाना’ पोशाखाबद्दलही तुला कुणी ना कुणी सांगेलच की तो भारतातून आलेल्या मुलीचा आहे. ती मुलगी खरी होती. पोर्तुगीजांनी पळवून कोचीन, मनिला करत तिला गुलाम म्हणून मेक्सिकोत आणलं. पुएब्ला शहरात ती कातारिना दे सान हुआन या नावाने जगली आणि १६८८ मध्ये वारली. पण पोशाख तिचाच, याला आधार नाही. अभ्यासक ते मानत नाहीत. आपण भारतीय म्हणून ही गोष्ट आपल्याला गोड लागते. म्हणूनच ती सांगताना तू जास्त जपून सांग.

एक नाच मात्र मुलांकडून करवून घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे: हरणाचा. मोठमोठ्या मंडळ्या तो रंगमंचावर करतात, आयोजकही हमखास मागतात. तो वायव्य मेक्सिकोच्या मूळ रहिवासी याकी आणि मायो लोकांचा आहे आणि त्यांच्या धर्मविधींत त्याची जागा आहे. पायांना बांधलेले पतंगांचे कोष खडखडतात, पाण्यात पालथा घातलेला भोपळा वाजत असतो, आणि गाणी त्यांच्याच भाषेतली. मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत हजारो याकींना युकातानच्या मळ्यांवर हद्दपार केलं. जे जीव वाचवून ॲरिझोनात आले, त्यांच्या वंशजांच्या जमातीला अमेरिकी सरकारची मान्यता मिळायला १९७८ उजाडलं. एवढं सोसून ज्यांनी तो नाच सांभाळला, तो आपण मॉलमधल्या दहा मिनिटांच्या कार्यक्रमात कसा करायचा? मुलांना त्याची गोष्ट सांग, तेवढं पुरे.

मॉलवरून आठवलं. ५ मे आणि १६ सप्टेंबर या मेक्सिकन सणांच्या दिवसांआधी कार्यक्रमांसाठी फोन सुरू होतील. जमेल तिथे जा, ग्रुपला पैसे लागतातच, तमाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) विकून सगळं भागत नाही. पण प्रत्येक ठिकाणी नाचाआधी एका मुलाला माइक दे आणि दोन वाक्यं बोलायला लाव: हा नाच कुठला, आम्हाला कुणी शिकवला. सुरुवातीला पोरं लाजतील. वेळ नाही म्हणणाऱ्या आयोजकाला नम्रपणे सांग की एक नाच कमी करू, ही दोन वाक्यं ठेवू.

फोटोंची काळजी घे. काही घरांत सध्या भीती आहे, बाप कार्यक्रमाला येत नाही, आई मागच्या रांगेत बसते. कारण विचारू नकोस. आईवडिलांनी होकार दिल्याशिवाय कुठल्याही मुलाचा चेहरा किंवा नाव बाहेर जाऊ देऊ नकोस, फीही थोडी थांबू दे. ती पोरं सरावाला येत राहिली पाहिजेत.

आणि तू स्वतः मेक्सिकन नाहीस याचा संकोच धरू नकोस. पावलं तू शिकव. घरातल्या गोष्टी, गाणी, स्पॅनिशमधले शब्द मात्र त्यांच्या आयांना, आज्यांना सांगू दे. तू वही सांभाळ. कुठला नाच कुणी, कधी, कुणाकडून शिकून आणला हे आजवर या ग्रुपच्या चार-पाच वयस्क माणसांच्या डोक्यात आहे. त्यांना बसवून विचार, फोनवर रेकॉर्ड कर. १९७४ पासून अमेरिकेतल्या आपल्यासारख्या ‘फोल्क्लोरिको’, म्हणजे मेक्सिकन लोकनृत्यांच्या, ग्रुपांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी परिषद भरवते, मेक्सिकोतले जाणकार तिथे येऊन आपापल्या मुलखाचे नाच शिकवतात. पुढच्या परिषदेला जा, आणि वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलीला बरोबर ने, कारण तुझं शिक्षण संपलं की हा वर्ग तिच्याकडे जायला हवा.

वेराक्रूझचे काळे एप्रन माझ्या कपाटात आहेत, त्यातल्या काहींची भरतकामं उसवली आहेत. मुलींच्या कमरेची मापं या आठवड्यात पाठव, म्हणजे दुरुस्त करूनच तुझ्या ताब्यात देते. तारिमेसाठी प्लायवूड जाड घे, पातळ असेल तर आवाज चिरका येतो.

तुझी,
मावशी