गरिबी, संगत की घरचे दुर्लक्ष?

प्रश्न : आमच्या गल्लीतला सतरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल चोरीत सापडला. कोणी गरिबीला दोष देतो, कोणी संगतीला, कोणी आईवडिलांना. खरे कारण कोणते मानावे? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : या तिन्ही मतांमागे गुन्हेशास्त्रातले स्वतंत्र सिद्धान्त आहेत. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मोठ्या आकांक्षा आणि त्या गाठण्याचे तोकडे वैध मार्ग यांतून येणाऱ्या ताणावर बोट ठेवले, एडविन सदरलँड यांनी गुन्हा सहवासातून शिकला जातो असे मांडले, तर ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये घर-शाळेशी असलेले बंध सैल होण्याला महत्त्व दिले. १९७९ मध्ये डेल्बर्ट एलियट आणि सहकाऱ्यांनी हे तिन्ही एका क्रमात गुंफले : ताण आणि सैल बंध मुलाला गुन्हा करणाऱ्या सोबत्यांकडे ढकलतात, आणि प्रत्यक्ष गुन्हा त्या सहवासातून घडतो. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो, कारण शेजारचा तितकाच गरीब मुलगा चोरी का करत नाही, याचा उलगडा त्यातून होऊ लागतो. दहावीत नापास झालेला, घरी कोणी विचारपूस करत नाही असा मुलगा ज्यांच्याबरोबर दिवसभर बसतो, त्यांच्याकडून हँडल लॉक तोडायला शिकतो आणि ‘मालकाला विमा मिळतोच’ हे समर्थनही उचलतो.

हर्शी यांना अशी जोडणी मान्य नव्हती. सिद्धान्तांची मूळ गृहीतकेच परस्परविरोधी आहेत, हा त्यांचा आक्षेप वजनदार आहे. मात्र व्यवहारात तिन्ही बाजू पाहाव्याच लागतात : २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) अशा मुलाची सामाजिक चौकशी करतो. घर, शाळा आणि सोबती या तिन्हींविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते त्या अधिकाऱ्याला जरूर सांगावे.