उड्डाण 'भरत' नाहीत

वाईहून प्रश्न आलाय: 'पाचगणीला पॅराग्लायडिंगच्या जाहिरातीत "पॅराशूटने उड्डाण भरा" असं लिहितात. इंजिन नाही, पंख हलत नाहीत, जायचं तेही डोंगरावरून खाली. याला उड्डाण म्हणावं का?'

आधी ते 'भरा' निकालात काढू. विमानात इंधन भरतात. उड्डाण करतात, फार तर घेतात. हिंदीत 'उड़ान भरना' ठीक आहे, तिथे छलाँगही भरतात नि चौकडीही. ती उड़ान स्त्रीलिंगी, म्हणून आपल्या बातम्यांत 'विमानाने उड्डाण भरली'! क्रियापद उसनं आणलं ते आणलं, वर नपुंसकलिंगी शब्दाचं लिंगही बदललं. यावर 'आपली भरारी आहे की' असा बचाव होतो. भरारी 'भर्रकन'मधल्या भर्र आवाजातली. भरण्याशी तिचं नातं नाही, आणि तीही मारतात किंवा घेतात.

'पॅराशूट'ही चूकच. गोल पॅराशूट हवा अडवून पडण्याचा वेग कमी करतं, बस. पॅराग्लायडर हा खरा पंख: पुढच्या कडेला उघडे कप्पे, समोरच्या वाऱ्यात धावलं की त्यांत हवा शिरते, कापडाला पंखाचा फुगीर आकार येतो, आणि स्थिर हवेत एक मीटर उतरताना तो साधारण आठ-दहा मीटर पुढे जातो. (काही भरायचंच असेल तर ते इथे, कप्प्यांत.)

आता शब्द. रंग उडणे, झोप उडणे सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देऊ. संस्कृत 'डी' म्हणजे उडणे. त्याच्या आधी 'उद्' लागून उड्डयन, उड्डीन. प्राकृतातून मराठीत उडणे, उड्डाण आणि, गंमत इथे आहे, उडी! सख्ख्या बहिणी. मराठीने या दोघींमध्ये भिंत घातलीच नाही. सज्जनगडच्या समर्थांचा मारुती बघा: 'कोटिच्या कोटि उड्डाणें झेपावे उत्तरेकडे'. तिथे उडी कुठे संपते नि उड्डाण कुठे सुरू होतं, सांगा.

म्हणून 'इंजिनाशिवाय केलं ते उड्डाण नव्हे, नुसतं तरंगणं' असं बजावणाऱ्या पंडितांशी माझं जमत नाही. त्यांच्या हिशेबाने ओटो लिलिएंथाल उडालाच नाही म्हणायचा. या जर्मन अभियंत्याने 1891 ते 1896 या काळात सुमारे 2000 वेळा हेच केलं: बर्लिनजवळ स्वतः रचून घेतलेल्या 15 मीटर उंच टेकाडावरून आणि इतर टेकड्यांवरून, वाऱ्याकडे तोंड करून धावायचं आणि उडी टाकायची. त्याचा नेहमीचा ग्लायडर विलोच्या झाडाच्या लवचिक काठ्या आणि सुती कापडाचा, वजन 20 किलो, पंखांची रुंदी 6.7 मीटर, क्षेत्रफळ 13 चौरस मीटर. उत्तम दिवशी 250 मीटर. ही उडी की उड्डाण? मराठीला विचारा, दोन्ही म्हणेल.

घोळ होता तोल सांभाळण्यात. हात चौकटीत अडकलेले, म्हणून झुलवायला फक्त कंबरेखालचं शरीर. 9 ऑगस्ट 1896 रोजी वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचं नाक वर गेलं, पाय पुढे टाकूनही खाली येईना, वेग संपला, पंखाची उचल, म्हणजे वर धरणारा जोर, गेली. सुमारे 15 मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. पॅराग्लायडरचे दोन्ही ब्रेक (पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) एकदम खोल ओढले की पंखाची उचल अशीच जाते. अंग कलवून वळायची लिलिएंथालची युक्तीही आज त्या जाहिरातवाल्याच्या पायलटकडे आहे, जोडीला ब्रेकच्या दोऱ्या. राइट बंधूंनी मात्र अंग झुलवण्यावर भिस्त न ठेवता पंखच पिळवटायची सोय केली.

आणि शेपूट! इंग्लंडातल्या माम्सबरीच्या मठातला एल्मर 11व्या शतकाच्या आरंभी पंख बांधून मनोऱ्यावरून फर्लांगभर गेला, पडून दोन्ही पाय मोडून बसला. चूक काय झाली, तर म्हणाला, मागे शेपूट लावायचं राहिलं. खरंच आहे, मागे स्थिर पृष्ठभाग नसेल तर नाक वरखाली होत राहतं. लिलिएंथालच्या ग्लायडरला शेपूट होतं. मारुतीला तर होतंच, त्याच स्तोत्रात 'पुच्छ तें मुरडिलें माथां'. यात समर्थांचं वैमानिक ज्ञान शोधणारे आता लगेच पुढे येतील. त्यांनी कृपा करून बसावं. मी शब्दाबद्दल बोलतोय.

जाहिरातीत 'पॅराग्लायडरने उड्डाण करा' लिहा म्हणावं. जागा कमी पडत असेल तर 'उडा'.