प्रश्न तुमचे : एफए कपच्या रिकाम्या खुर्च्या

प्रश्न : आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना लागला की भर उन्हात गॅलरी भरते. जानेवारीत टीव्हीवर एफए कप बघतो, तर मोठ्या क्लबच्या मैदानात वरचा मजला रिकामा आणि संघात निम्मी पोरं अनोळखी. जगातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा ना ही? मग तिथल्या लोकांना तिचं काही वाटेनासं का झालं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एफए कप म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, हरला की बाहेर. वरच्या मजल्याचं आधी सांगते, कारण त्यात भावनेपेक्षा हिशेब जास्त आहे. मी काही वर्षं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत नोकरीला होते. तिकडे सीझन तिकीट काढलं की साखळीतले घरचे सगळे सामने त्यात येतात, कपाचे सहसा येत नाहीत. त्याचे पैसे वेगळे मोजायचे. नाताळात खिसा मोकळा झालेला, बाहेर गोठवणारी थंडी, समोर खालच्या डिव्हिजनचा संघ आणि आपला मॅनेजर मुख्य खेळाडूंना विश्रांती देणार याची कुणकुण दोन दिवस आधीच लागलेली. त्यातून सामना शनिवारी तीनला होईल याचीही खात्री नाही. टीव्हीवाल्यांना सोयीचं असेल तर रविवारी, नाहीतर सोमवारी रात्री. आमच्या शेजारी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं : क्लबच मनावर घेत नाही, तर मी का पैसे टाकू?

क्लब का मनावर घेत नाहीत, तर कप जिंकणाऱ्याला मिळतात साधारण वीस लाख पौंड, आणि प्रीमियर लीग या सगळ्यात वरच्या साखळीच्या तक्त्यात नुसती एक जागा वर सरकलं तरी त्याहून जास्त रक्कम हाती पडते. चौथा क्रमांक आला की युरोपातली अव्वल चॅम्पियन्स लीग, कप जिंकला की तिच्या खालची युरोपा लीग. कपातून बाहेर पडल्यामुळे मॅनेजरची नोकरी क्वचितच जाते, साखळीत घसरल्यामुळे हमखास जाते. मालक मंडळी एवढंच बघतात.

पूर्वी असं नव्हतं. 1872 साली लंडनच्या ओव्हल मैदानावर वाँडरर्सनी रॉयल इंजिनियर्सना 1-0 हरवून पहिला कप घेतला. 1923 मध्ये लंडनच्याच वेम्बली स्टेडियमवर पहिली अंतिम लढत झाली तेव्हा अधिकृत आकडाच सव्वा लाखाच्या वर होता. प्रत्यक्षात लोक त्याहून कितीतरी जास्त घुसले आणि एका पांढऱ्या घोड्यावरच्या पोलिसाला मैदान मोकळं करावं लागलं. पुढे टीव्ही आला तरी कितीतरी वर्षं थेट दिसणाऱ्या मोजक्या क्लब सामन्यांत ही अंतिम लढत असायची. सकाळपासून कार्यक्रम चालायचे, खेळाडू हॉटेलात नाश्ता काय करतात तेसुद्धा दाखवायचे. आता आठवड्यातले बहुतेक दिवस कुठला ना कुठला सामना थेट असतो, त्यात मेच्या एका शनिवारचं काय कौतुक?

माझ्या मते खरा धक्का बसला तो 1999-2000 च्या हंगामात. मँचेस्टर युनायटेड गतविजेते होते आणि त्यांनी कपात भागच घेतला नाही. जानेवारीत ते ब्राझीलला क्लब विश्वस्पर्धा खेळायला गेले. गंमत म्हणजे त्यांनी जावं असं खुद्द इंग्लिश फुटबॉल असोसिएशनला वाटत होतं, कारण त्यांना 2006 चा विश्वचषक आपल्याकडे आणायचा होता. (तो गेला जर्मनीला.) घरच्यांनीच देव्हारा हलवला, तर पाहुण्यांनी हात जोडावेत अशी अपेक्षा कशाला धरायची?

पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला मान्य नाही. ‘तिथल्या लोकांना काही वाटेनासं झालं’ हे फार तर वरच्या आठ-दहा क्लबांबद्दल खरं आहे. कॉव्हेंट्रीत 1987 चा विषय काढून बघा. कपाच्या अंतिम लढतीत टॉटनहॅमला 3-2 हरवलं तो दिवस, कीथ हाऊचेनचं झेपावून मारलेलं हेडर, हे सगळं लोक कालपरवाचं असल्यासारखं सांगतात. एप्रिल 2024 मध्ये त्याच कॉव्हेंट्रीची वेम्बलीवर युनायटेडशी उपांत्य लढत होती. 3-0 असे मागे होते, तिथून 3-3 केली. जादा वेळेच्या अगदी शेवटी व्हिक्टर टॉर्पनं चौथा गोल मारला तेव्हा मी इकडे पुण्यात ओरडून शेजाऱ्यांना उठवलं. मग व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचानं, पायाच्या बोटाएवढ्या अंतरानं ऑफसाइड दिला आणि पेनल्टीवर सगळं गेलं. कॉव्हेंट्रीचे मॅनेजर होते मार्क रॉबिन्स. जानेवारी 1990 मध्ये युनायटेडच्या मॅनेजरची, फर्ग्युसनची, खुर्ची डळमळत असताना नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध युनायटेडचा विजयी गोल मारणारा पोरगा तो हाच. युनायटेडनं त्या वर्षी कप जिंकला आणि फर्ग्युसनचा तो तिथला पहिला करंडक. आज कपाला दुय्यम मानणारे क्लब आपली थोरवी कुठून सुरू झाली ते सोयीनं विसरतात, याचा मला राग येतो.

प्रश्न : फेरसामने बंद केले हे बरंच झालं ना? खेळाडू किती दमतात! मी स्वतः कॉलेजच्या संघात खेळतो.
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही रे, बरं नाही झालं. पूर्वी बरोबरी झाली की पाहुण्या संघाच्या मैदानावर पुन्हा सामना व्हायचा; 2024-25 पासून पहिल्या फेरीपासूनच त्याच दिवशी जादा वेळ आणि पेनल्टी. चॅम्पियन्स लीगचे सामने वाढले, तारखा पुरेनात, हे कारण. दमणूक खरी आहे, पण ती कमी करायला खालच्या क्लबांच्या ताटातलं काढलं. कपाच्या सामन्याचं तिकिटाचं उत्पन्न दोन्ही संघांत वाटलं जातं. एक्झेटर सिटी जानेवारी 2005 मध्ये पाचव्या पातळीवर होता, कर्जात बुडालेला, चाहत्यांनीच चालवायला घेतलेला. ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानावर त्यांनी युनायटेडला 0-0 रोखलं आणि फेरसामना आपल्या घरी आणला. तो 2-0 हरले, पण या दोन सामन्यांच्या पैशांनी क्लब कर्जातून वर आला. आज तोच सामना त्याच संध्याकाळी पेनल्टीवर संपला असता. हा निर्णय जाहीर झाला तो कॉव्हेंट्रीच्या त्या उपांत्य लढतीच्या तीनच दिवस आधी. खालच्या क्लबांना धड विचारलंही नव्हतं, आणि ते चांगलेच भडकले.

उत्साहाचंच विचारत असशील, तर जानेवारी 2021 चं उदाहरण घे. आठव्या पातळीवरचा मरीन नावाचा क्लब, लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा. त्यांच्या मैदानाला लागून लोकांची परसदारं आहेत. टॉटनहॅम तिथे खेळायला आलं आणि कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. क्लबनं दहा पौंडांची आभासी तिकिटं काढली. आत कुणालाच सोडणार नव्हते, तरी ती 30,000 च्या वर खपली. मरीन 5-0 हरलं.

प्रश्न : आपल्या रोव्हर्स कपचंही हेच झालं का?
— एक ज्येष्ठ वाचक, दादर

उत्तर : हेच नाही, याहून वाईट. 1891 पासूनची मुंबईची फुटबॉल स्पर्धा, हैदराबाद पोलिसांनी 1950 ते 54 सलग पाच वेळा जिंकलेली, कूपरेजच्या लाकडी स्टँडच्या आठवणी तुमच्याकडे माझ्याहून जास्त असतील. राष्ट्रीय साखळी आली, मोठ्या संघांच्या तारखा भरल्या आणि या शतकाच्या सुरुवातीलाच ती बंद पडली. एफए कप निदान चालू तरी आहे. आपल्या दुसऱ्या जुन्या स्पर्धेला, ड्युरँड कपला, कोलकात्यानं 2019 मध्ये आसरा दिला. आपल्या मुंबईत रोव्हर्ससाठी कुणी तसं पुढे आलं नाही.

प्रश्न : तुम्ही चाहती म्हणून काय निवडाल, कप की साखळीतली जागा? आणि पुढच्या जानेवारीत कुठला सामना बघू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कप. विगननं 11 मे 2013 ला बेन वॉटसनच्या शेवटच्या क्षणीच्या हेडरवर मँचेस्टर सिटीला हरवलं आणि तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून प्रीमियर लीगमधून खाली गेले. तरी मी तेच निवडीन. क्रिस्टल पॅलेसनं 2025 मध्ये त्याच सिटीला 1-0 हरवून इतिहासातला पहिला मोठा करंडक घेतला. पुढे एकाहून जास्त क्लबांच्या मालकीच्या नियमांत अडकून त्यांची युरोपा लीगची जागा गेली आणि तिच्याही खालच्या कॉन्फरन्स लीगवर भागवावं लागलं. चाहते संतापले ते त्या नियमांवर, कप जिंकल्याचा पस्तावा कुणाला झालेला दिसला नाही.

सामना निवडताना मोठ्या क्लबच्या घरचा सोडा. दुबळा संघ यजमान असेल तो लावा. फेब्रुवारी 2025 मध्ये प्लिमथ चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनच्या, तळाला होतं. साखळीत पहिल्या असलेल्या लिव्हरपूलनं सलाह आणि व्हॅन डाइकला घरी ठेवलं, आणि प्लिमथनं आपल्या मैदानावर रायन हार्डीच्या पेनल्टीवर त्यांना 1-0 बाहेर काढलं. त्या दिवशी खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. तिसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला असते; वरच्या दोन डिव्हिजनचे क्लब तिथूनच उतरतात. सोडत डिसेंबरात निघते, तेव्हाच बघून ठेवा.