गर्दीत इअरबड्सचा आवाज का तुटतो?

प्रश्न: ताई, घरी फोन हॉलमध्ये ठेवून किचनमध्ये गाणी मस्त ऐकू येतात, पण ठाण्याला उतरून पुलावर चढले की इअरबड्सचा आवाज सारखा तुटतो. खराब झालेत का, नवीन घेऊ?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: अहो थांबा, आधी फोन कुठे ठेवता ते बघा. मागच्या खिशात नाहीतर पर्सच्या तळाशी असेल तर तिथेच गडबड आहे, कारण ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात आणि आपल्या अंगातलं पाणी हे सिग्नल शोषून घेतं. घरी भिंतींवर आपटून सिग्नल फिरून कानापर्यंत येतो, उघड्या पुलावर तसं होत नाही, वर गर्दीत शेकडो लोकांचे फोन त्याच पट्ट्यात. तरी ब्लूटूथ त्या पट्ट्यातल्या 79 चॅनलमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या भागांत, सेकंदाला 1600 वेळा उड्या मारत वाट काढतं, मला तर हे खरंच कमालीचं वाटतं, एवढ्याशा बॅटरीवर!

मी स्वतः फोन पर्समधून काढून कुर्त्याच्या पुढच्या खिशात ठेवायला लागले आणि तुटणं जवळजवळ थांबलं. आठवडाभर करून बघा, मग नवीन घ्यायचं ठरवा.

आणि हो, ब्लूटूथने पिक्चर वगैरे पाठवत बसू नका, 1 जीबीला तासभर सहज जातो. हेडफोन, घड्याळ, कीबोर्ड यांना मात्र ते बेस्ट, वायरींचा गुंता नाही.