आभासी जगात दुकानासाठी जागा घ्यावी का?

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावर आमचे पैठण्या आणि रेशमी साड्यांचे जुने दुकान आहे. संगणक अभियंता असलेला धाकटा मुलगा सध्या ऑनलाइन आभासी जगात जागा विकत घेऊन तेथे दुकानाची शाखा काढण्याचा आग्रह धरून बसला आहे. ‘पुढे लोक बाजारहाटही तिथेच करतील, आत्ता जागा स्वस्त आहे, नंतर हळहळाल,’ असे तो म्हणतो. त्याचे वडील विषय निघताच उठून जातात. या जगांचा जेवढा गाजावाजा झाला, तेवढे त्यांत खरोखर काही आहे का?
– एक वाचक भगिनी, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : जागा विकत घेऊ नये, हे आधीच स्पष्ट लिहितो. मात्र चिरंजीवांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे नाही. ही जगे चालू आहेत आणि त्यांत मनापासून रमणारी माणसेही आहेत. अतिशयोक्ती झाली ती तेथल्या जमिनीच्या मोलाबद्दल, आणि आपल्या घरातला वाद नेमका जमिनीचाच आहे.

असा गाजावाजा पूर्वीही झालेला आहे. लिंडेन लॅब या अमेरिकी कंपनीने २००३ साली ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग सुरू केले; संगणकाच्या पडद्यावर आपले एक पात्र घडवून माणूस त्यात वावरतो. त्यात स्वतंत्र चलन होते, घरे-दुकाने होती; २००७ साली स्वीडनने तेथे आपल्या देशाची माहिती देणारा दूतावासही थाटला (व्हिसा अर्थातच मिळत नसे). त्याच वर्षी गार्टनर या संशोधन संस्थेने भाकीत केले, की २०११ संपेपर्यंत इंटरनेटचा सक्रिय वापर करणाऱ्यांपैकी ८० टक्के लोक अशा एखाद्या जगात वावरत असतील. प्रत्यक्षात लोक वळले ते मोबाइलकडे. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने (अशा जगांना इंग्रजीत म्हणतात त्या ‘मेटाव्हर्स’वरून) स्वतःचे नावच ‘मेटा’ केले आणि जुनेच ढोल पुन्हा वाजू लागले. स्वतःचे आभासी जग आणि त्यात शिरण्याची उपकरणे घडवणाऱ्या तिच्या विभागाला २०२२ या एका वर्षात सुमारे १३.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. एवढ्या खर्चानंतरही त्या जगातली माणसे तेव्हा कमरेपर्यंतच होती; पाय कोणालाच नव्हते.

आता जमिनीकडे वळू. आपल्या दुकानाच्या जागेला मोल आहे, ते सोन्या मारुती चौकात दागिने घेऊन अलका चौकाकडे निघालेले कुटुंब वाटेत आपल्या काचेपाशी थबकते म्हणून. आभासी जगात वाटच नसते. ठिकाण निवडले, की माणूस थेट तेथे प्रकट होतो. शेजारच्या दुकानाची पाटीही त्याच्या नजरेस पडत नाही. सेकंड लाइफमध्ये आरंभी अशी उडी ठरावीक थांब्यांपर्यंतच घेता येई आणि पुढचे अंतर चालत किंवा उडत कापावे लागे. साहजिकच थांब्यांजवळच्या जमिनींचे भाव चढले, तेथे दुकानांची दाटी झाली. २००५ च्या अखेरीस कंपनीने कोठूनही कोठेही थेट जाण्याची मुभा दिली, आणि ज्यांनी थांब्याजवळची म्हणून चढ्या भावाने जमीन घेतली होती, त्यांच्या जमिनीचे वैशिष्ट्य एका फेरबदलासरशी संपले. तक्रार कोणाकडे करणार? जमीन विकणारी, रस्ते आखणारी आणि नियम करणारी कंपनी एकच होती.

यावर चिरंजीव ‘डिसेंट्रलँड’चे नाव घेतील, कारण २०२० साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या त्या जगात मालकीची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणा एकाच्या हाती नसलेल्या, अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या नोंदवहीत होते. तेथला एक प्लॉट १६ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांचा, आणि असे प्लॉट सुमारे ९० हजार आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांतल्या ११६ प्लॉटांचा एक गट सुमारे २४ लाख डॉलरना विकला गेला. तेव्हा पाच डॉलरच्या आसपास असलेले तेथले ‘माना’ हे चलन २०२२ संपताना एका डॉलरच्याही बरेच खाली आले होते. मालकीची नोंद पक्की होती. गिऱ्हाइकाची खात्री मात्र कोणतीच नोंदवही देत नाही. शिवाय शनिवार पेठेत नवी जमीन निर्माण होत नाही, आभासी जगाशेजारी मात्र दुसरे जग केव्हाही उभारता येते.

आपल्या मालाचीही अडचण आहेच. हातमागावरची पैठणी पारखणारी बाई पदर उलटा करून पाहते, कारण अस्सल विणीत तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. संगणकातले बहुतेक पृष्ठभाग एकाच बाजूने रंगवलेले असतात. दुसरी बाजू मुद्दाम घडवली नाही, तर पदर उलटताच तो दिसेनासा होतो. जरीची चमक दाखवता येईल, वजन आणि स्पर्श कोठून आणणार?

तरीही काही गोष्टी तेथे उत्तम चालतात, हे मान्य केले पाहिजे. सेकंड लाइफ वीस वर्षांनंतरही चालू आहे, कारण लोक तेथे गाणी ऐकायला, वास्तू रचायला आणि ठरलेल्या सोबत्यांना भेटायला जातात. घराबाहेर पडणे अवघड असलेल्यांना ही सोबत मोलाची वाटते. मुलांचे ‘रोब्लॉक्स’ही एकत्र खेळण्यावरच उभे आहे. आणि तेथे खरोखर खपणारी वस्तू कोणती, तर आपल्या पात्राला घालायचे कपडे! तेव्हा चिरंजीवांनी दुकानातली पैठणी तेथे नेण्यापेक्षा पात्रांना नेसवायची आभासी पैठणी घडवून पाहावी. ती सेकंड लाइफच्या संकेतस्थळावरील बाजारात मांडता येते आणि त्यासाठी जमीन लागत नाही. दुकानच हवे असेल, तर तेथे जागा आठवड्याच्या भाड्यानेही मिळते. चार-सहा आठवडे ती घेऊन किती जण आले आणि कितींनी भाव विचारला, याची नोंद ठेवावी.

एवढ्यावरही डिसेंट्रलँडसारख्या ठिकाणी जागा घेण्याचे ठरलेच, तर आधी आपल्या करसल्लागारांना भेटावे. अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतून होणाऱ्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के दराने कर लागतो. तोटा झाल्यास तो दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही.