पहाटे तीनची कोंडी

प्रश्न : ताई, मी वाहतूक अभियांत्रिकीत पीएचडी करतोय. कॅलिफोर्नियातल्या महामार्गांवरच्या सेन्सरचा वर्षभराचा डेटा पायथनची स्क्रिप्ट लिहून उतरवला. नोंदी दर पाच मिनिटांच्या आहेत. तासाची सरासरी काढली, तर काही ठिकाणी पहाटे तीनच्या सुमारास वेग जवळजवळ शून्यावर येतो, जणू दिवसातली सगळ्यात मोठी कोंडी तेव्हाच होते. एका दिवशी तर २८८ ऐवजी २७६ च ओळी आल्या. स्क्रिप्ट अनेकदा तपासली. कुठं चुकतंय?

उत्तर : रिकामे रकाने शून्यानं भरणारी ‘फिलएनए’ची ओळ स्क्रिप्टमध्ये आहे का, ते आधी बघा. मी पैज लावते, आहे. बेरजा अडू नयेत म्हणून आपण सगळेच ती कधी ना कधी लिहितो आणि विसरून जातो.

रस्त्यावरून पाच मिनिटांत एकही गाडी गेली नाही, तर गाड्यांची संख्या शून्य. पण वेग? जी गाडी आलीच नाही तिचा वेग कसला मोजायचा! तो रकाना रिकामाच राहायला हवा. सेन्सर बंद पडला किंवा त्याची लाइन तुटली, तर संख्या आणि वेग दोन्ही रिकामे राहतात. आणि गाड्या खरोखरच थिजून उभ्या असतील, तर वेग शून्याला टेकतो, पण ऑक्युपन्सी, म्हणजे सेन्सरवर गाडी उभी असलेल्या वेळाचं प्रमाण, चांगलंच वर जातं. तुमच्या त्या एका ओळीनं या तिन्ही गोष्टींचं एकच शून्य करून टाकलं. पहाटे रस्ता मोकळा असतो आणि दुरुस्तीची कामंही बऱ्याचदा रात्रीच काढतात, म्हणून तुमची कोंडी नेमकी तेव्हाच उगवली. पहाटेच्या त्या ओळींतली ऑक्युपन्सी बघा. तीही शून्य असेल, तर ती कोंडी नव्हे.

हे तुमच्याच बाबतीत होतं असं नाही. ‘मेट्र-एलए’ हा लॉस एंजेलिसच्या २०७ सेन्सरचा, मार्च ते जून २०१२ चा डेटा तुमच्या क्षेत्रात सगळेच वापरतात. त्यात हरवलेल्या नोंदींच्या जागी शून्यच आहे. म्हणून वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलची चूक मोजताना शून्यं बाजूला ठेवतात. हे ज्याला माहीत नाही, त्याचं मॉडेल बंद सेन्सरचा अंदाज बांधायला शिकतं.

कॅलिफोर्नियाचा डेटा म्हणजे तुम्ही ‘पेम्स’ या तिथल्या वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावरून घेतला असणार. त्याच्या पाच मिनिटांच्या फायलींत ‘टक्के ऑब्झर्व्हड’ असा एक रकाना असतो. बहुतेक जण पहिल्याच दिवशी तो टाकून देतात. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाचा रकाना तोच. नोंदीतला किती भाग प्रत्यक्ष मोजलेला आणि किती मागाहून हिशेबानं भरलेला, ते त्यावरून कळतं. तो शून्य असेल, तर शेजारचा सुबक दिसणारा वेग हा निव्वळ अंदाज आहे. असे अंदाज मॉडेलला शिकवून त्यांच्यावरच ते तपासलंत, तर अचूकता अर्थातच झकास येईल.

मोजलेला वेगही सरसकट सारखा विश्वासाचा नसतो. डांबरात पुरलेलं तारेचं एकच वेटोळं, म्हणजे लूप, असेल, तर ते फक्त गाड्या मोजतं आणि ऑक्युपन्सी सांगतं. वेग काढताना गाडीची सरासरी लांबी गृहीत धरतात. दिवसा शेकडो गाड्यांत ते खपून जातं. पहाटे पाच मिनिटांत एखादाच लांबलचक ट्रेलर गेला, तर तो हळू चालल्यासारखा दिसतो, कारण लूपवर तो जास्त वेळ असतो. लागोपाठ दोन लूप असले की एकावरून दुसऱ्यावर जायला लागलेला वेळ थेट मिळतो आणि ही भानगड उरत नाही. तासाची सरासरी काढतानाही बारा वेग बेरजेत घालून बाराने भागू नका, गाड्यांच्या संख्येचं वजन द्या. नाहीतर एका ट्रेलरचं मत दोनशे गाड्यांएवढं ठरतं.

उतरवण्याबद्दल माझी एक फजिती सांगते. एकदा रात्री स्क्रिप्ट लावून झोपले. सकाळी तीन महिन्यांच्या फायली हजर, एकही एरर नाही. खूश झाले. मग लक्षात आलं, की शेवटच्या सत्तरेक फायलींचा आकार बाइटपर्यंत सारखा आहे. मध्यरात्री लॉगिन संपलं होतं आणि सर्व्हर इमानेइतबारे दर वेळी लॉगिनचं पान पाठवत होता, तेही ‘सगळं ठीक’ या २०० च्या कोडसकट. माझी स्क्रिप्ट त्याला डेटाच्या फायलीचं नाव देऊन जपून ठेवत होती. तेव्हापासून प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या नावानं उतरवते, उघडून ओळी मोजते आणि मगच तिला खरं नाव देते. मूळ फायलींना हात लावत नाही. साफसफाई नेहमी वेगळ्या प्रतीवर. आणखी एक चाळणी : एका लेनमधून तासाला साधारण २००० ते २४०० गाड्यांपलीकडे जात नाहीत, म्हणजे पाच मिनिटांत दोनशेच्या आसपास. कुठे चारशे दिसल्या, तर दोन लेनची बेरीज झालीय किंवा तीच ओळ दोनदा आलीय.

राहिल्या २७६ ओळी. त्या दिवसाची तारीख बघा. मार्चमधला दुसरा रविवार असेल, तर काहीच हरवलेलं नाही. त्या पहाटे तिथली घड्याळं दोनवरून थेट तीनवर जातात. तेवीस तास गुणिले बारा, २७६. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलटं होतं, एकचा तास दोनदा येतो. त्या दिवशी सारख्या वेळेच्या ओळी दिसल्या, तर डुप्लिकेट समजून उडवू नका. आणि तारीख दुसरीच निघाली, तर मला परत लिहा. सोबत त्या दिवसाची मूळ फाइल जोडा, साफ केलेली नको.