‘आबा तेच तेच सांगतात’

“मॅडम, वडील गावाहून आलेत आणि रोज तीच टेप लावतात. भ्रम तर व्हायला लागला नाही ना?” दादरला माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलं-सुना हे इतक्यांदा विचारतात, की आता लिहूनच टाकते. ओळख पटेल ते तपशील बदललेत.

आधी भीतीचं. जेवल्याचं विसरून पुन्हा ताट मागणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न, रोजच्या वाटेवर चुकणं, यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टर गाठा. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी विसरायला होतं, ते रक्तात कळतं. या आबांचं सगळं तपासून झालं होतं, काही निघालं नव्हतं.

आबा माण तालुक्यातले, पंचाहत्तरी ओलांडलेले, हल्ली कांजूरमार्गला मुलाकडे. तंबाखू कधीच सुटली, पण बोलताना डाव्या तळव्यावर अंगठा मळतच राहायचा. गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. खडी फोडायचं काम, वाटलेली सुकडी, घशाखाली न उतरणारी मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) लाल भाकर, मातीमोल विकलेले बैल. शेवटी, “मग धाकल्याला म्हमईला धाडला. गिरणीत.” इथं अंगठा थांबायचा आणि गोष्टही. मग पुन्हा खडीपासून सुरुवात.

मुलाला हे कधी जाणवलं नव्हतं. रोज ऐकणाऱ्याला जाणवत नाहीच.

मी विचारलं, “आबा, धाकल्यांची पहिली मनिऑर्डर कधी आली?”

“दिवाळीला.” बराच वेळ गेला. “तेच्याच पैशातनं हीर खांदली. शेजारचं दोन एकर घेतलं. नाव माझं एकट्याचं लावलं.”

“आणि १९८२ चा गिरण्यांचा संप?”

“बायकापोरं घिऊन आला की गावाला. अर्धं रान मागितलं. मी म्हनलं, कागद दाव.”

भाऊ पुन्हा त्या उंबऱ्यावर चढला नाही. तो वारला तेव्हाही बोलणं नव्हतं. मुलाला घरात सांगितलेलं एवढंच, की काका भांडकुदळ होता. तो “आबा, तुम्ही असं…” म्हणायला लागला, मी हातानंच थांबवलं. त्या घडीला न्यायनिवाडा केला असता तर आबा परत खडीवर गेले असते.

रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६३ मध्ये मांडलं, की उतारवयात माणूस आयुष्याचा मागचा हिशेब तपासतो आणि ते वयाला धरूनच असतं. मी त्याच मताची. माझी त्यात एक भर: पुढचं वाक्य तोंडातून निघत नाही, म्हणून माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे मला पुस्तकानं नाही, अशा आबांनीच शिकवलं.

तेव्हा “हो, सांगितलंत मागं” म्हणू नका. गोष्ट कुठं अडते ते बघा आणि तिथलं काहीतरी साधं विचारा: कोणता सण, किती रुपये, सोबत कोण होतं. “तुम्हाला काय वाटलं” हा प्रश्न आपल्या म्हाताऱ्यांना उपरा वाटतो, त्याला “काय वाटायचं?” एवढंच उत्तर येतं. नातवंडाला वही देऊन वंशावळ काढायला बसवा. लेकीसुनांची नावंही घ्या. बहुतेक वंशावळींत ती नसतात आणि निम्मा इतिहास त्यांच्यापाशी असतो.

आबांच्या वहीत भावाचं नाव नातीनं लिहिलं, त्याच्या मुलांची आबांनी सांगितली. पुढच्या महिन्यात त्यांनी पुतण्याला फोन लावला. त्या दोन एकरांचं अजून ठरत नाही, सुनेला ते पसंत नाही, आणि त्यात मी पडत नाही. त्याला वकील आहेत.